दोन रक्तवाहिन्या, दोन निर्णय: बलून आणि स्टेंट यांतल्या निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बाई ६४ वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतीसोबत राहतात. मुलगा पुण्यात नोकरीला. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मी त्यांची फॅमिली डॉक्टर, त्यामुळे पहिल्या ईसीजीपासूनचा सगळा प्रवास जवळून पाहायला मिळाला.

त्या आल्या होत्या छातीसाठी नव्हे, गुडघ्यांसाठी. उजव्या गुडघ्याच्या सांधेरोपणाची तारीख ठरत आली होती आणि हाडाच्या डॉक्टरांनी फिटनेस आणायला सांगितला होता. ईसीजीत पुढच्या लीड्समध्ये टी लहरी उलट्या दिसल्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचा संशय. खोदून विचारल्यावर कळलं, की देवळाच्या पायऱ्या चढताना छातीवर दाब यायचा, थांबलं की दोन-तीन मिनिटांत जायचा, आणि गेल्या काही आठवड्यांत तो लवकर येऊ लागला होता. "गुडघ्यांमुळे दम लागतो, त्यातलंच असेल म्हटलं," असं त्यांचं म्हणणं. गुडघे दुखणाऱ्या माणसाचा अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यानं येणारं छातीचं दुखणं, असाच लपून राहतो. मुळात चालणंच इतकं कमी झालेलं असतं, की हृदयावर ताण पडायची वेळच येत नाही.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये दुसरी गोष्ट सापडली. हिमोग्लोबिन ८.९. शौचाला अधूनमधून काळसर होत होतं, पण लोहाच्या गोळ्यांमुळे असेल असं त्यांनी धरून चाललं होतं. प्रत्यक्षात दोन वर्षं त्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक, म्हणजे जठराला इजा करू शकणारी वेदनाशामक गोळी, आणून रोज घेत होत्या. एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या भागात अल्सर दिसला, एच. पायलोरी या अल्सर करणाऱ्या जंतूची चाचणीही पॉझिटिव्ह आली.

बाकी चित्र असं: रक्तदाबाची एक गोळी चालू, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४२, एचबीएवनसी ६.१ म्हणजे मधुमेह नाही पण काठावर. ट्रोपोनिन ही हार्ट अटॅकची रक्तचाचणी निगेटिव्ह. टूडी इकोत पंपिंग ५५ टक्के म्हणजे सामान्य, भिंतींची हालचाल ठीक.

दुखणं वाढतं होतं आणि ईसीजी बदललेला होता, म्हणून पुण्याच्या कार्डिऑलॉजिस्टनी अँजिओग्राफी करून घ्यायचं ठरवलं. डाव्या मुख्य वाहिनीत अडथळा तर नाही ना, हे आधी कळायला हवं होतं. उजव्या मनगटातून तपासणी झाली. मुख्य वाहिनी स्वच्छ निघाली. एलएडीच्या, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या वाहिनीच्या, मध्यभागी ८० टक्के अडथळा होता आणि तिथे वाहिनीचा व्यास ३ मिलिमीटरच्या थोडा वर. डावीकडच्या सर्कमफ्लेक्सच्या फांदीत, म्हणजे ऑब्ट्यूज मार्जिनलमध्ये, ८५ टक्के अडथळा होता. पण ती फांदी जेमतेम सव्वादोन मिलिमीटरची आणि रोग वीस मिलिमीटरपेक्षा जास्त लांबीवर पसरलेला. उजव्या वाहिनीत किरकोळ.

पहिला निर्णय: टेबलावर असतानाच करून टाकायचं का?

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण माझ्या मते हे आहे, आणि नेमकं याच्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो.

आपल्याकडे बहुतेक वेळा काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अँजिओग्राफी संपते, नातेवाइकांना आत बोलावतात, पडद्यावर ब्लॉक दाखवतात आणि विचारतात, "लगेच करून घ्यायचं का?" म्हणजे बलूननं वाहिनी रुंद करून आत स्टेंट, धातूच्या जाळीची नळी, बसवायचा का. रुग्ण टेबलावर, मुलगा चपला बाहेर काढून हिरवा गाऊन चढवून उभा, समोर आकुंचलेली रक्तवाहिनी. अशा वेळी नाही कोण म्हणेल? हार्ट अटॅक चालू असेल तर हे अगदी योग्यच आहे, तिथे मिनिटं मोजायची असतात. पण ज्याचं दुखणं श्रमांनंच येतं आणि विश्रांतीनं जातं, त्याच्या बाबतीत एवढी घाई नसते.

इथेही मुलाचा कल तोच होता. एकाच भरतीत दोन्ही उरकलं तर कंपनीच्या मेडिक्लेमची मंजुरी एकदाच घ्यावी लागणार होती, रजाही एकदाच. कार्डिऑलॉजिस्टनी मात्र नकार दिला. म्हणाले, "आज स्टेंट घातला तर उद्यापासून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या सुरू होणार. पोटात ताजा अल्सर आहे, रक्त नऊच्या खाली आहे. रक्तस्राव झाला तर गोळ्या बंद कराव्या लागतील, आणि गोळ्या बंद केल्या तर नवीन स्टेंटमध्ये गुठळी होईल. दोन्हीकडून अडकू."

मुलाला हे पटायला वेळ लागला. "८५ टक्के ब्लॉक घेऊन आईला घरी कसं न्यायचं?" हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. त्याला समजावलं ते असं. श्रमानं येणाऱ्या अँजायनात ब्लॉक उघडल्यानं दुखणं कमी होतं, पण आयुष्य वाढतं किंवा अटॅक टळतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. २००७ चा करेज आणि २०२० चा इस्केमिया हे दोन्ही अभ्यास तेच सांगतात. इस्केमियात पाच हजारांहून अधिक रुग्ण होते, त्यात भारतातलेही बरेच. डाव्या मुख्य वाहिनीतला मोठा अडथळा असलेले त्यात घेतले नव्हते, म्हणून बाईंची ती वाहिनी स्वच्छ निघणं महत्त्वाचं होतं.

मधले सहा आठवडे

डायक्लोफिनॅक बंद. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं मलम. एच. पायलोरीचा कोर्स, जठरातलं आम्ल कमी करणारं पँटोप्रॅझोल, शिरेतून लोहाचं इंजेक्शन. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन फक्त ७५ मिलिग्रॅम, कोलेस्टेरॉलसाठी अटोरव्हास्टॅटिन ४०, नाडी मंदावणारं मेटोप्रोलॉल आणि वाहिन्या सैल करणारं नायट्रेट.

सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झालं आणि छातीचं दुखणं निम्म्यानं कमी झालं. हे निम्मं कुठून आलं हे समजून घेण्यासारखं आहे. रक्त कमी असलं की हृदयाच्या स्नायूला ऑक्सिजन आधीच कमी मिळतो, त्यात वाहिनी अरुंद. रक्त सुधारलं की तोच ब्लॉक कमी त्रास देतो. पहिल्याच दिवशी स्टेंट घातला असता, तर या सुधारणेचंही श्रेय स्टेंटला गेलं असतं.

पण दुखणं पूर्ण गेलं नव्हतं. मंडईपर्यंत चालत जाताना त्यांना मध्ये एकदा थांबावं लागायचं, मेटोप्रोलॉल वाढवलं की नाडी पन्नासच्या खाली जायची आणि नायट्रेटनं डोकं धरायचं. गुडघ्याची शस्त्रक्रिया करून पुन्हा हिंडतंफिरतं व्हायचं, ही तर त्यांची मुख्य इच्छा. म्हणजे आता वाहिन्या उघडण्याला कारण होतं आणि ते कारण बाईंचं स्वतःचं होतं.

घरातली दोन मतं

निर्णयाच्या बैठकीला बाई, त्यांचे पती म्हणजे काका, मुलगा आणि मी असे चौघे गेलो. घरात दोन ठाम मतं तयार होती.

काकांच्या थोरल्या भावाला नव्वदच्या दशकात मुंबईत "फुगा मारला" होता आणि काही महिन्यांतच ती वाहिनी पुन्हा बंद झाली होती. त्यामुळे काकांच्या लेखी बलून म्हणजे अर्धवट काम. मुलगा त्याला जोडून म्हणाला, "शेवटी स्प्रिंगच टाकायची असेल तर फुग्यात पैसे कशाला घालवायचे?" बाईंचं मत बरोबर उलटं. "आत कायमचं लोखंड राहणार नसेल तर मला फुगाच बरा. गोळ्याही कमी लागतील म्हणतात."

भावाचा अनुभव खोटा नव्हता, पण तो एका जुन्या काळाचा होता. कार्डिऑलॉजिस्टनी तो काळ उलगडून सांगितला. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये जागेपणी असलेल्या ३८ वर्षांच्या रुग्णाची एलएडी बलूननं पहिल्यांदा उघडली. तो रुग्ण पुढे कित्येक वर्षं उत्तम राहिला. पण सगळ्यांचं तसं झालं नाही. फुगवलेला बलून काढला की वाहिनीची भिंत रबरासारखी परत आत येते, आतलं अस्तर चिरतं आणि कधी ती चीर तिथेच वाहिनी बंद करते. यातून वाचलं तरी पुढच्या सहा महिन्यांत जखम भरताना आत पेशी वाढून तीसचाळीस टक्के वाहिन्या पुन्हा अरुंद व्हायच्या. काकांचा भाऊ त्या तीसचाळीस टक्क्यांतला.

१९८६ मध्ये फ्रान्समध्ये जाक प्यूएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिख सिग्वार्ट यांनी माणसाच्या हृदयाच्या वाहिनीत पहिले स्टेंट बसवले. जाळीनं भिंत धरून ठेवली, अचानक बंद होणं जवळजवळ थांबलं. १९९४ च्या बेनेस्टेंट अभ्यासात पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण साध्या बलूनमध्ये ३२ टक्के, स्टेंटमध्ये २२ टक्के होतं. फरक होता, पण २२ टक्के हाही मोठा आकडा. मग २००२-०३ च्या सुमारास औषध सोडणारे स्टेंट आले आणि हे प्रमाण एकआकडी झालं. जाळी मात्र कायमची राहते, आणि पहिलं वर्ष सरल्यावरही दरवर्षी साधारण दोन टक्के रुग्णांत त्या जागेशी संबंधित काही ना काही त्रास होत राहतो.

औषध लावलेला बलून यानंतरचा. २००६ मध्ये जर्मनीतल्या ब्रुनो शेलर यांच्या गटानं दाखवलं, की पॅक्लिटॅक्सेल लावलेला बलून जुन्या स्टेंटच्या आत साधारण मिनिटभर फुगवून धरला तर तेवढ्यात औषध भिंतीत शिरतं आणि नंतर पेशी वाढत नाहीत. जाळी आत राहत नाही. म्हणजे काका ज्याला फुगा म्हणत होते तो आणि हा, दोन्ही दिसायला बलून असले तरी काम वेगळं करतात.

काका हे सगळं लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे भावाला आज हा मिळाला असता तर?" डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "कदाचित स्टेंटच मिळाला असता. वाहिनी कुठली होती त्यावर आहे."

पर्याय कसे तोलले

नुसती औषधं चालू ठेवणं हा पर्याय शेवटपर्यंत खुला होता आणि तो कमी दर्जाचा नव्हता. तो मागे पडला तो दुष्परिणामांमुळे आणि उरलेल्या दुखण्यामुळे. बायपासचाही विचार झाला. बाईंना मधुमेह असता तर तो पुष्कळ जोरात झाला असता. २०१२ च्या फ्रीडम अभ्यासानंतर अनेक वाहिन्यांत रोग असलेल्या मधुमेही रुग्णासमोर बायपास न मांडणं योग्य नाही. इथे मधुमेह नव्हता, रोग दोनच ठिकाणी, आणि मार्जिनल फांदी इतकी बारीक की तिला कलम जोडून फारसा उपयोग झाला नसता.

साधा बलून कुणीच सुचवला नाही. बिनऔषधाचा स्टेंट मात्र मुलानं सुचवला, कारण रक्तस्रावाचा धोका असेल तर तोच घालतात असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. पूर्वी ते खरं होतं. २०१५ च्या लीडर्स फ्री अभ्यासात, रक्तस्रावाचा धोका असलेल्या आणि महिनाभरच दोन गोळ्या घेणाऱ्या रुग्णांत, औषधाचा स्टेंट बिनऔषधाच्या स्टेंटपेक्षा सुरक्षितही ठरला आणि परिणामकारकही. त्यामुळे तो पर्याय तिथेच संपला.

उरले तीन: दोन्हीकडे स्टेंट, दोन्हीकडे औषधी बलून, किंवा एकीकडे एक.

दोन्हीकडे बलून घातला असता तर दोन गोळ्या महिनाभरच पुरल्या असत्या. अल्सर होऊन गेलेल्या बाईंसाठी हे मोठं आमिष होतं. पण एलएडी ही हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणारी वाहिनी, तिथे चूक महागात पडते. चीनमधला रेक-केजफ्री-१ हा २२७२ रुग्णांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात नव्या, फारशा गुंतागुंतीच्या नसलेल्या ब्लॉकमध्ये औषधी बलून आणि स्टेंट यांची थेट तुलना होती. दोन वर्षांत त्या जागेशी संबंधित गंभीर घटना बलूनमध्ये ६.४ टक्के, स्टेंटमध्ये ३.४ टक्के. फरक मुख्यतः मोठ्या वाहिन्यांमुळे पडला होता. तीन मिलिमीटरच्या पुढच्या एलएडीत केवळ गोळ्या लवकर थांबवाव्यात म्हणून स्टेंट टाळणं कार्डिऑलॉजिस्टना पटत नव्हतं.

दोन्हीकडे स्टेंट घालायचे तर मार्जिनलमध्ये सव्वादोन व्यासाचा आणि जवळजवळ २८ मिलिमीटर लांबीचा स्टेंट लागला असता. बारीक वाहिनीत लांब स्टेंट म्हणजे पुढे अरुंद होण्याची आणि गुठळीची शक्यता जास्त. अशा बारीक वाहिन्यांसाठी २०१८ च्या बास्केट-स्मॉल २ अभ्यासाचा आधार होता. तीन मिलिमीटरपेक्षा लहान वाहिन्यांच्या ७५८ रुग्णांत वर्षभरात औषधी बलून आणि औषधाचा स्टेंट या दोन्ही गटांतल्या गंभीर घटना साडेसात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारख्या होत्या. सारखाच परिणाम मिळणार असेल तर सव्वादोनच्या वाहिनीत आयुष्यभराची जाळी का ठेवायची?

इथे मी एक प्रश्न विचारला आणि तो नोंदवण्यासारखा आहे. एलएडीत स्टेंट जाणारच असेल तर दोन गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे स्टेंटच ठरवणार. मग मार्जिनलमध्ये बलून वापरून रक्तस्रावाच्या बाबतीत काय मिळालं? उत्तर: फार काही नाही. तिथे बलून निवडण्याचं कारण वाहिनीचा आकार आणि रोगाची लांबी, गोळ्या नव्हेत. "बलून घातला की गोळ्या कमी" हे वाक्य रुग्णांच्या मनात घट्ट बसलेलं असतं आणि अशा मिश्र उपचारांत ते लागू होत नाही. बाईंना हे स्पष्ट सांगितलं, तेव्हा त्या थोड्या खट्टू झाल्या. "म्हणजे लोखंड राहणारच आणि गोळ्याही घ्यायच्याच." हो. पण जाळी एकाच ठिकाणी राहणार होती, आणि गोळ्या शक्य तितक्या लवकर कमी करायच्या असं ठरलं.

पैशांचाही हिशेब झाला. स्टेंटच्या किमतींवर राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणानं फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा औषधाच्या स्टेंटची कमाल किंमत करांशिवाय २९,६०० रुपये ठरली. त्याआधी हेच स्टेंट लाखाच्या वर जात. औषधी बलूनला अशी ठरवून दिलेली कमाल किंमत नाही. त्यामुळे "फुगा स्वस्त असेल" हा मुलाचा अंदाज चुकला. विमा कंपनीकडून बलूनच्या वेगळ्या मंजुरीचं पत्र आधी मागवून घेतलं.

प्रत्यक्ष प्रक्रिया

मला कन्सोलच्या खोलीत उभं राहू दिलं होतं.

आधी दाबाची तार घालून दोन्ही ब्लॉक मोजले. एलएडीत एफएफआर, म्हणजे ब्लॉकच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या तुलनेत किती हे सांगणारा आकडा, ०.७२, मार्जिनलमध्ये ०.७८. ०.८० च्या खाली आलं की अडथळा अर्थपूर्ण मानतात. त्यामुळे दोन्ही उघडायला कागदोपत्री आधार मिळाला, मार्जिनलला मात्र निसटता.

मार्जिनल आधी घेतली. औषधी बलूनचं काम वाहिनी रुंद करण्याचं नसतं, ते आधीच साध्या बलूननं व्यवस्थित करून घ्यावं लागतं. सव्वादोनचाच बलून घेऊन हळूहळू दाब वाढवला. काढल्यावर चित्रात उरलेला अडथळा पंचवीस टक्के दिसत होता, प्रवाह पूर्ण होता, पण अस्तरात एक बारीक तिरकी रेघ होती. चीर. शेजारच्या तरुण डॉक्टरांनी लगेच विचारलं, "सर, स्टेंटचं पाकीट काढू?"

"थांबू या," एवढंच उत्तर आलं.

औषधी बलूनसाठीचे निकष असे आहेत: उरलेला अडथळा तीस टक्क्यांच्या आत, प्रवाह पूर्ण, आणि चीर असलीच तर ती प्रवाहाला न अडवणारी. बाईंची चीर त्यात बसत होती. सुमारे दहा मिनिटं थांबून पुन्हा चित्र घेतलं. काही बदल नव्हता. मगच औषधी बलूनचं पाकीट उघडलं. त्याच्यावरचं आवरण शेवटच्या क्षणी काढतात आणि बलूनला बोट लावत नाहीत, कारण पृष्ठभागावरचं औषध हाताला लागून जातं आणि रक्तात वाटेतच धुऊन निघू शकतं. आत शिरल्यापासून जागेवर पोचेपर्यंत जेमतेम दोन मिनिटं. बलून फुगला आणि साठ सेकंदांची मोजणी सुरू झाली. तिसाव्या सेकंदाला मॉनिटरवर ईसीजीची एसटी रेषा वर सरकली आणि माइकमधून बाईंचा आवाज आला, "डॉक्टर, पायऱ्यांसारखं दाबतंय." "काकू, अजून अर्धं मिनिट, मी मोजतोय," असं म्हणून डॉक्टरांनी मोठ्यानं आकडे म्हणायला सुरुवात केली. बलून सोडल्यावर दुखणं गेलं, रेषा खाली आली.

शेवटच्या चित्रात मार्जिनल गुळगुळीत दिसत नव्हती. स्टेंटनंतर जशी डोळ्यांना सुखावणारी वाहिनी दिसते, तशी औषधी बलूननंतर दिसत नाही. हेच मला या उपचारातलं खरं अवघड वाटतं. डॉक्टरांना थोडं ओबडधोबड चित्र सोडून पुढे जावं लागतं, आणि पडदा पाहणाऱ्या नातेवाइकांना ते अर्धवट वाटतं.

एलएडी सोपी गेली. आयव्हीयूएसनं, म्हणजे वाहिनीच्या आतून केलेल्या सोनोग्राफीनं, ती मोजली, ३ मिलिमीटर व्यासाचा आणि २४ लांबीचा औषधाचा स्टेंट बसवला, मोठ्या बलूननं वरून दाबून घेतला आणि पुन्हा आतून पाहिलं. जाळी सगळीकडे भिंतीला टेकलेली होती.

त्यानंतरचं वर्ष

रक्तस्रावाचा धोका ठरवण्याच्या एआरसी-एचबीआर निकषांत सहा महिन्यांतला मोठा रक्तस्राव हे महत्त्वाचं कारण मानतात. त्यामुळे तीन महिने रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, म्हणजे अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, पण महिना झाल्यावर फेरविचार, असं ठरलं. या लवचीकतेला २०२१ च्या मास्टर डॅप्ट अभ्यासाचा आधार होता. त्यात धोका जास्त असलेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांत महिनाभरानंतर एक गोळी थांबवली, तरी हृदयाच्या घटना वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव कमी झाला.

ही लवचीकता उपयोगी पडली. सातव्या आठवड्यात बाईंना पुन्हा काळं शौचाला झालं, हिमोग्लोबिन ११.६ वरून १०.१ वर आलं. चौकशीअंती कळलं, की गुडघा फार दुखला म्हणून काकांनी त्याच दुकानातून "त्याच जुन्या गोळ्या" आणल्या होत्या. डिस्चार्ज कार्डावर वेदनाशामक टाळा असं लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत आणि औषधाच्या वर्गाच्या नावानं. दुकानदाराला ब्रँडचं नाव माहीत, काकांना गोळीचा रंग माहीत, त्यामुळे कार्डावरची ओळ कुणालाच लागू झाली नाही. कार्डिऑलॉजिस्टशी फोनवर बोलून अ‍ॅस्पिरिन थांबवली, क्लोपिडोग्रेल एकटी चालू ठेवली, पँटोप्रॅझोल दुप्पट केलं. ओमेप्रॅझोल मुद्दाम टाळलं, कारण ते क्लोपिडोग्रेलचा असर कमी करू शकतं. एंडोस्कोपीत वरवरच्या ओरखड्यांपलीकडे काही निघालं नाही. पुढच्या महिन्यात रक्त पुन्हा वर आलं.

गुडघ्याची शस्त्रक्रिया आठव्या महिन्यात झाली. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर घाई नसलेली शस्त्रक्रिया सहा महिने लांबवणं सुरक्षित मानतात. त्याआधी क्लोपिडोग्रेल सात दिवस बंद करून तेवढ्यापुरती अ‍ॅस्पिरिन चालू केली, म्हणजे हृदयाला संरक्षण राहिलं आणि भुलीचं पाठीतलं इंजेक्शनही देता आलं. रक्त चढवावं लागलं नाही.

वर्ष उलटून गेलं आहे. छातीत दुखत नाही, एलडीएल ६४ आहे, नायट्रेट बंद झालं, मेटोप्रोलॉल कमी मात्रेत आहे. मंडईत जाताना त्या थांबत नाहीत. पुन्हा अँजिओग्राफी केलेली नाही, कारण लक्षण नसताना ती करण्याला अर्थ नाही. त्यामुळे मार्जिनल आतून कशी आहे ते कुणी पाहिलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

एफएफआर पहिल्या अँजिओग्राफीतच मोजता आलं असतं. तेव्हा तार घालून मोजलं असतं तर मधल्या सहा आठवड्यांत घरच्यांशी बोलताना हातात आकडे असते, "८५ टक्के" हा एकच भीतिदायक आकडा नसता.

मार्जिनलबद्दल माझं मन अजून स्वस्थ नाही. ०.७८ हा काठावरचा आकडा, फांदी बारीक. एलएडी उघडून, औषधं चालू ठेवून तीन महिने वाट पाहिली असती, तर कदाचित मार्जिनलला हातही लावावा लागला नसता. याला कार्डिऑलॉजिस्टचं उत्तर असं, की दुखणं उरलं असतं तर पुन्हा भरती, पुन्हा मनगट, पुन्हा गुडघ्याची तारीख पुढे, आणि औषधी बलून वापरला तर कायमची जाळी तर मागे राहत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पुढच्या अशा रुग्णाबाबत हा प्रश्न मी बैठकीतच टेबलावर ठेवणार आहे, कॅथलॅबमध्ये नव्हे.

सगळ्यात सोपी सुधारणा डिस्चार्ज कार्डाची होती. सातव्या आठवड्यातला रक्तस्राव ना स्टेंटमुळे झाला ना बलूनमुळे, तो झाला एका न वाचता आलेल्या ओळीमुळे. आता बाईंच्या फाइलीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत, त्या दुकानात मिळणाऱ्या वेदनाशामकांची ब्रँडनावं लिहिलेला कागद चिकटवला आहे. त्याची एक प्रत दुकानदाराकडेही दिली आहे, आणि त्यानं ती काउंटरच्या आतल्या बाजूला लावली आहे.

बाईंना पुन्हा दुखू लागलं तर काय करायचं हेही लिहून ठेवलं आहे: आधी हिमोग्लोबिन, मग ईसीजी, आणि अँजिओग्राफीची वेळ आली तर पहिली नजर मार्जिनलवर.